नावाडी मेला नव्हता

मंगेशच्या सलूनमध्ये केवळरामचा नंबर तिसरा होता, आणि कादंबरीच्या एकशे चौदाव्या पानावर नावाड्याच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी निघाली. लहानपणी जाळ्याच्या दोराचा पीळ बसून ती आत वळली होती, असं तिथं लिहिलं होतं. आणि तेवढ्या एका बोटामुळे किल्लेदाराची मुलगी त्याला धुक्यातही ओळखत असे. केवळरामनं ते वाक्य पुन्हा वाचलं. मग पान दाबून धरलेल्या स्वतःच्या हाताकडे पाहिलं. करंगळी पानाच्या कडेला टेकलेली होती, आत वळलेली, सहासष्ट वर्षांची. कोंढ्याच्या बोडीत, गावच्या तळ्यात, बापाबरोबर जाळं ओढताना दोर बोटात अडकला होता, तेव्हा तो आठ वर्षांचा होता. ही गोष्ट लिहून ठेवावी अशी कधीच नव्हती. पोस्टात चौतीस वर्षं काढली, तिथं कोणाच्या लक्षात आली नाही. बायको होती तोवर तिनंही कधी विचारलं नव्हतं. बोट होतं तसं होतं.

"काका, या ना, तुमचा नंबर लागला," मंगेश वस्तरा पुसत म्हणाला.

"यांले घे आधी."

"वाचून राहिले का? सप्त्याले चालले का परीक्षेले?"

बाकावरची माणसं हसली. केवळरामही हसला, कारण हसलं नाही तर कोणी काही विचारेल. बाहेर हायवेवरून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर आरशाची काच बारीक थरथरत होती. त्या थरथरीला एक सूर होता. त्याला सगळ्याला सूर ऐकू येत असे, ही त्याची जुनी खोड. आता मात्र तो सूर कानात शिरून छातीत उतरल्यासारखा वाटला. पुस्तकाला कीर्तनकार रूपाताईंनी वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं. आपल्या सगळ्या पुस्तकांना त्या तसंच घालत. कोणाची कादंबरी आहे हे त्यानं विचारलंच नव्हतं. कीर्तनातल्या पेटीवाल्याला त्याच्याशी काय करायचं? त्याला आख्यान कळलं पाहिजे. कुठं लढाई आहे, कुठं रडू आहे, कुठं बुवा किंवा ताई श्वास घेणार आणि तिथं पेटीनं एकटीनं उभं राहायचं, एवढं कळलं की पुरे. आंधळगावच्या रूपाताई आठ दिवसांपूर्वी साकोलीच्या कीर्तनात भेटल्या, पुस्तक हातात देऊन म्हणाल्या, "काका, कोंढ्याच्या सप्त्यात शेवटच्या दिवशी उत्तररंगाले हे घेतो मी. पवनीच्या किल्ल्याची गोष्ट आहे, भोसल्यांच्या काळातली. लोकं रडतील पाहा. तुम्ही सूर बघून ठेवा." आणि तो आठ दिवस सूर बघत होता. घाटावर पहिली भेट होते तिथं एक, मुलीचा बाप नावाड्याला किल्ल्याच्या सदरेवर मानानं बसवतो तिथं दुसरा. पेन्सिलीनं बारीक खुणाही केल्या होत्या. त्यानं आता पहिलं पान उघडलं. रुखमा काटेखाये. खाली, कोंढा, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. चाळीस-बेचाळीस वर्षं जी त्या गावात आली नव्हती तिनं आपल्या नावाखाली गाव लिहिलं होतं.

दाढी झाली ती त्याला कळली नाही. तुरटीचा खडा गालावर फिरला तेव्हा थंडी आतपर्यंत गेली आणि एकदम बोडीची पाळ आठवली. धान कापून झाल्यावरचा मार्गशीर्ष, बांध्यांमधून उरलेली धसकटं, पाळीवर मोहाची झाडं, आणि त्यांच्या आड उभी राहून पोस्टकार्ड दाखवणारी रुखमा. नागपूरच्या शिक्षिकांच्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता. तिचे वडील श्यामराव नाही म्हणाले होते. ओरडून नव्हे, श्यामराव कधी ओरडत नसत. "पोरीच्या जातीनं नागपूरले एकटं राहाचं?" एवढंच, आणि जेवायला बसले. तेव्हा ती केवळरामला म्हणाली होती, "एकटी नाही जाऊन राहिली मी. तू ये. तिथं तुलेही काही काम भेटन. लग्नाचं मग पाहू, आधी बस तं पकडू." ती हसत होती. तिच्या हसण्यात भीती अशी नव्हतीच, हे त्याला त्या वेळी फार सुंदर वाटलं होतं. पुढं अनेक वर्षं तेच आठवून त्याला अपराध्यासारखं वाटत आलं. तो ढिवराचा पोरगा, ती काटेखायांची. दोघांत एक बोडी होती; पाणी त्यांच्या शेताला जाई आणि मासे यांच्या जाळ्यात. ठरलं असं, की सप्त्याच्या शेवटच्या दिवशी सगळं गाव मांडवात असेल, एक वाजताची नागपूर बस गावाबाहेर वडाजवळ थांबते, ती तिथं येईल. तोही.

आता तो कोंढ्याच्या बसमध्ये बसला होता, मांडीवर पुस्तक, पायांत पिशवी. त्याची पेटी दोन दिवस आधीच गेली होती. उजेड स्वच्छ होता, खळ्यांवर धानाचे ढीग, कुठं कुठं मळणीचं यंत्र फुफाटा उडवत होतं. त्या दिवशीही असंच ऊन होतं. सकाळी साडेनऊला श्यामराव स्वतः केवळरामच्या झोपडीपाशी आले होते. त्यांच्यासारखा माणूस त्या वस्तीत येत नसे. बापानं घाईघाईनं सुकत टाकलेलं जाळं बाजूला ओढलं, जाळ्याचा वास लपवता येईल असं वाटून. श्यामराव म्हणाले, "केवळ, बापा, आज तूच बस पेटीवर. पवनीचा पेटीवाला आला हाये, पण त्याचा हात कोरडा हाये. तुझ्यावाचून रंग नाही येत." केवळ, बापा. असं त्याला त्यांनी पूर्वी कधी म्हटलं नव्हतं. त्याआधी तो पेटी वाजवी ती आरतीला, उभ्यानं, मांडवाच्या कडेला. चटईवर, बुवांच्या मागं, सगळ्या गावासमोर बसायचं हे पहिल्यांदाच. त्यानं बापाकडे पाहिलं. बापाचे डोळे ओले होते. तो हो म्हणाला. मनात हिशेब केला, दहाला सुरू होईल, बारापर्यंत पूर्वरंग, मग बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, तेवढ्यात उठू, पेटी पवनीवाल्याला देऊ. कोंढ्याची रीत त्याला माहीत होती आणि तरी त्यानं हा हिशेब केला. तिथं ज्यानं पहिला सूर धरला त्यानंच तो आरतीपर्यंत न्यायचा असतो. मधे उठणं म्हणजे उभ्या कीर्तनातून देवाला पाठ दाखवणं. म्हातारा माणूस असो, ताप चढलेला असो, कोणी उठत नसे.

बुवा त्या दिवशी काही वेगळेच रंगले होते. खरं तर केवळरामला अजूनही वाटे, की त्यानं इतकं चांगलं कीर्तन आयुष्यात पुन्हा ऐकलं नाही, आणि ह्या वाटण्याचीच त्याला लाज वाटे. बारा वाजले, पूर्वरंग संपत आला, बुवांना हार घातला. श्यामराव बुक्क्याची वाटी घेऊन आले, बुवांना लावला, मृदंगवाल्याला लावला, मग केवळरामपुढे वाकले आणि त्याच्या कपाळाला लावला. सगळ्या गावानं पाहिलं. उठायचं होतं ते इथं. पवनीवाला मागंच बसला होता, मांडी मोकळी करून. केवळरामच्या पायांना उठायचं माहीत होतं. गुडघ्यांत ताण आला होता तो त्याला आजही जसाच्या तसा आठवे. पण बुवांनी मान वळवली, हसून म्हणाले, "हं, केवळराम," आणि त्यानं उत्तररंगाचा सूर दिला. आख्यान देवाच्या लग्नाचं होतं. बायका पदर तोंडाशी धरून हसत होत्या. मग बस आली. ती दिसत नव्हती, पण एंजिनाची घरघर लांबून मांडवात आली आणि थांबली. निघाली नाही. त्यानं वाट पाहिली ती निघायची. बस उभीच. मग एक हॉर्न, लांब. पेटीच्या पट्टीत तो पांढरी पाचच्या जरा खाली बसत होता, बेसूर. थोड्या वेळानं दुसरा हॉर्न. ती बस त्याच्यासाठी थांबली होती. मांडवातल्या तीन-चारशे माणसांत हे त्याला एकट्याला माहीत होतं. डाव्या हातानं भाता चालूच होता, त्याची करंगळी भात्याच्या कडेला टेकलेली, पुढं-मागं, पुढं-मागं. तिसरा हॉर्न झाला नाही. एंजिनाचा आवाज वर चढला, मग लांब गेला, मग बुवांचाच आवाज उरला.

ती एकटी गेली. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं, आणि गावानं आपल्या परीनं त्याचा अर्थ लावला. कंडक्टरनं काटेखायांच्या पोरीसाठी भर रस्त्यात पाच-सात मिनिटं बस थांबवून ठेवली, दोनदा हॉर्न दिला. कंडक्टर कायले थांबवन? त्याची-तिची ओळख असन तेव्हाच. आठवड्याभरात ती कंडक्टरसंगं पळाली असं ठरूनच गेलं. तिनं बस थांबवायला लावली ती ज्याच्यासाठी, तो त्या आठवड्यात रोज पारावर बसून हे ऐकत होता. तिनं त्याचं नाव कोणाला सांगितलं नाही. तिची पत्रं आली ती श्यामरावांनी न फोडता चुलीत घातली म्हणतात. पुढं ती कुठं शिक्षिका झाली, एकटीच राहिली, अशी कोणाकोणाकडून बातमी येई आणि गाव ती ऐकून न ऐकल्यासारखं करी. श्यामरावांनी मान खाली घातली ती शेवटपर्यंत. केवळरामला मात्र दर सप्त्याला निरोप येई. पोस्टातली नोकरीही त्यांच्याच शब्दावर लागली. दर वर्षी मध्यंतरात बुक्का लावताना त्यांचा अंगठा त्याच्या कपाळावर जरा जास्त वेळ टेकलेला राही, आणि तो दर वर्षी विचार करी, यांना माहीत आहे का? त्यांनी विचारलं नाही. यानं सांगितलं नाही. अकरा वर्षांपूर्वी ते गेले. आरतीच्या वेळी केवळराम देवाजवळ एकच मागत आला होता, ती असेल तिथं सुखी असो. हे मागताना त्याला बरं वाटे. आपण तिच्यासाठी काहीतरी करतो आहोत असं वाटे.

अड्याळ मागं पडलं. कादंबरीची शेवटची पानं त्यानं बसमध्येच वाचली, चष्मा नाकावर सरकत होता. किल्लेदाराची मुलगी पहाटे वैनगंगेच्या घाटावर उभी राहते. नावाडी यायचा असतो, येत नाही. तिनं दुसऱ्या एका म्हाताऱ्या कोळ्याची नाव थांबवून धरलेली असते. ऊन वर येतं. ती एकटीच पलीकडे जाते. गावात तिचं नाव जातं, बापाची पगडी खाली येते. आणि फार वर्षांनी तिला कळतं, की नावाडी त्या रात्री शत्रूच्या होड्या अडवताना मधल्या धारेत मारला गेला होता. वल्ह्यावरची मूठ मेल्यावरही सुटली नव्हती, आणि वाकड्या करंगळीवरून तो ओळखला गेला. केवळरामनं पुस्तक मिटलं. त्याला वाटलं होतं, तिनं राग लिहिला असेल. शिव्या लिहिल्या असत्या तर त्यानं त्या सुपारीसारख्या चघळल्या असत्या, हक्काच्या म्हणून. तिनं त्याला मारून वाचवलं होतं. मेल्याशिवाय हा माणूस न येणं शक्यच नाही, असं तिनं धरून चाललं होतं की तसं तिला धरायचं होतं, कोण जाणे. उद्या दहा वाजता मांडवात रूपाताई हे सांगतील. त्या सांगतात तेव्हा बायाच काय, बाप्ये रडतात. कोंढ्याचं सगळं गाव त्या नावाड्यासाठी रडेल, आणि त्याच्या मरणाला सूर द्यायला मागं तोच बसलेला असेल. ह्यात बोलायचं काहीच नव्हतं. कीर्तनातला पेटीवाला हा बोलायचा माणूस नव्हेच. पेन्सिलीच्या खुणा तयार होत्या. गप्प बसलं तरी सगळं शोभून दिसणार होतं.

मांडवात तो पोचला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. सहाव्या दिवसाचं प्रवचन संपून माणसं पांगली होती. विणेकरी तेवढा उभा होता, अर्धे डोळे मिटून. एका कोपऱ्यात सतरंजीवर रूपाताई, श्यामरावांचा मुलगा, रुखमाचा भाऊ बाबुलाल, आणि त्याची आत्या बायाबाई बसली होती. श्यामरावांच्या मागं सप्त्याचा मान बाबुलालकडे आला होता. बायाबाई पंच्याऐंशीची, कान तिखट. जवळच सात-आठ बाया उद्याच्या प्रसादाची भाजी निवडत होत्या. दोन-तीन बाप्ये खांबाला टेकलेले.

"या केवळभाऊ," बाबुलाल म्हणाला. "तुम्हीच सांगा यांले. ताई म्हणते, त्या पुस्तकवालीले उद्या बोलावू, शाल-नारळ देऊ."

"गावची लेक आहे," रूपाताई म्हणाल्या. "आपल्या गावचं नाव लिहिलं तिनं पुस्तकावर. माझ्याजवळ दुसरी प्रत आहे, तिच्यात आजच पाहिलं, तं मले वाटलं, तुम्हाले आनंद होईल."

"ताई, तुम्ही आख्यान करा, कोनतंही करा. पण हे नाव या मांडवात निघनार नाही. माझा बाप मेला या नावापायी."

"हळू बोल," बायाबाई म्हणाली. "बाया ऐकून राहिल्या."

"ऐकू दे ना. कोनाले नाही माहीत?"

"कंडक्टरसंगं गेली ते गेली," बायाबाई रूपाताईंकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाली, "वरून पुस्तक लिहून राहिली. त्याच्यात लिवलं का, माय, कंडक्टरचं?"

भाजी निवडणाऱ्यांतली एक तोंडाला पदर लावून हसली. रूपाताई गोऱ्यामोऱ्या झाल्या. केवळराम अजून उभाच होता, पिशवी हातात. त्याच्या गुडघ्यांत तोच जुना ताण आला. आता बसलं पाहिजे, असं त्याला वाटलं. बसलं की माणूस बसून जातो. तो बसला नाही.

"कंडक्टर नव्हता, आत्याबाई," तो म्हणाला.

"काय म्हन्ते?"

"कंडक्टर नव्हता. मी होतो. तिनं बस माझ्यासाठी थांबवली. आमचं ठरलं होतं. ती कॉलेजात जाऊन राहिली होती, मी संगं जानार होतो. मी इथं पेटीवर होतो. हॉर्न ऐकला मी. दोन्ही ऐकले. तिनं काहीच नाही केलं, बाबुलाल. वाट पाहिली तेवढी."

विणेकऱ्यानं डोळे उघडले, पण वीणा थांबली नाही. भाजीवरचे हात थांबले. बाबुलाल त्याच्याकडे बघत राहिला, जणू दुसरंच कोणी बोललं आणि त्याला शोधायचं आहे. मग तो एकदम उठला, केवळरामच्या अगदी जवळ आला. केवळरामला वाटलं, हा आता मारेल, आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

"माझा बाप," बाबुलाल म्हणाला, "दरसाल तुले बुक्का लावत होता."

"हो."

"आनि तू लावून घेतला."

"हो."

बायाबाईनं काठी जवळ ओढली. तिच्या आवाजात राग नव्हता, खरीखुरी चौकशी होती, आणि तीच झेलायला जड गेली. "तं मंग तू काहून नाही उठला रे? एवढं हॉर्न वाजवून राहिली पोरगी."

केवळरामला पुष्कळ उत्तरं माहीत होती. त्यातलं देवाला पाठ न दाखवण्याचं सगळ्यात चांगलं होतं. बेचाळीस वर्षं तेच त्यानं स्वतःला दिलं होतं, आणि इथं ते चाललंही असतं. पण देव चार हातांवर, हार घालून, उभा होता, आणि त्याच्या नावानं हे बोलायला जीभ उचलेना.

"पहिल्यांदा बसवलं होतं मले चटईवर," तो म्हणाला. "उठलो असतो तं पुन्हा कोनी बसू दिलं असतं का? माझा बाप समोर बसला होता. आनि भेलो, आत्याबाई. भेलो होतो."

खांबाला टेकलेला एक जण तंबाखू मळायचा थांबला होता, तो पुन्हा मळायला लागला. मग भाजी निवडणाऱ्यांकडे वळून बायाबाई एवढंच म्हणाली, "हसत कोन होती वो आत्ता?" कोणी मान वर केली नाही.

रूपाताई हळूच म्हणाल्या, "काका, उद्या पेटीवर तुम्ही..."

"ते यांले विचारा, ताई. हे म्हणतील तिथं बसतो. मागं बसतो. नाही तं घरी जातो."

बाबुलालला ते ऐकू गेलं नसावं. तो मांडवाच्या कडेला जाऊन पाठमोरा उभा होता, आणि त्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली गेलेला दिसत होता. परत आला तेव्हा त्याच्या हातात मोबाइल होता.

"नंबर हाये का तिचा?"

केवळरामकडे नव्हता. बेचाळीस वर्षांत तो मिळवायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्यानं पुस्तकाची सुरुवातीची पानं उलटली; दुसऱ्या पानावर मुद्रकाच्या नावाखाली, बारीक अक्षरात, लेखिकेचा पत्ता होता आणि खाली नंबर. चष्मा धूसर झाला होता. त्यानं तो काढून धोतराला पुसला, पुन्हा लावला, आणि एकेक आकडा वाचू लागला. बाबुलाल जाड अंगठ्यानं एकेक दाबत होता, मधेच चुकला, "थांबा, थांबा," म्हणाला, पुन्हा पहिल्यापासून. दहा आकडे झाले. फोन कानाला लावून तो छताच्या कापडाकडे बघत राहिला. पलीकडे वाजत असलेली घंटी सतरंजीपर्यंत बारीक ऐकू येत होती.

मग ती थांबली.

"हॅलो," बाबुलाल म्हणाला. "मी... बाबू बोलून राहिलो. कोंढ्यावरून."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. एकदाच, घाईनं.

"नाही वो, बाई," बाबुलाल म्हणाला. "नाही, नाही. कोनीच मेलं नाही. तशा कामाले फोन नाही केला."

बायाबाई हात पुढं करून बसली होती, फोन आपल्याकडे यावा म्हणून. केवळराम मांडवाबाहेर गेला, तिचा आवाज ऐकायचा हक्क आज आपला नाही, असं समजून. बाहेर चपलांच्या ढिगात त्याला आपल्या चपला सापडेनात. मागं बाबुलाल बोलायचा थांबला होता आणि फोन कानाला धरून तिचं ऐकत होता.